दादा, तो नकाशा माझा होता

दादा, तुझ्या तेरवीला आलेली माणसं ओसरीवर बसून तुझ्याबद्दल बोलत होती. शालिक फार शांत माणूस, कधी कोणाला उलटून बोलला नाही, असं एकेक जण सांगत होता आणि वहिनी पदराने डोळे पुसत मान हलवत होती. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता. तू शांत? माझ्याशी तू आयुष्यभर भांडलास. जेवताना भांडलास, फोनवर भांडलास. माझ्या लग्नात मांडवाच्या पाइपाचा जोड कच्चा आहे म्हणून मांडववाल्याशी भांडलास, आणि हळद लागलेली मी समजवायला आले तर माझ्याशीही भांडलास. तेरवीच्या दिवशी तुला ओळखणारं तिथे कोणी आलंच नव्हतं की काय, असं वाटलं मला.

आपलं शेवटचं भांडण तर संपलंच नाही. त्याच्या तीन वर्षं आधीचं एक भांडण मात्र तू एकट्याने संपवलंस. माझ्या वाटचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलंस आणि मी ते तुला घेऊ दिलं. त्याबद्दल आपण कधी एक शब्द बोललो नाही. म्हणून हे लिहितेय.

तू माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मला तू कधी नावाने हाक मारली नाहीस, 'बाई'च म्हणायचास. बाबांचा डोंगा वैनगंगेत असायचा, घर मासोळीवर चालायचं. तू दहावीनंतर आयटीआयला वेल्डिंग शिकलास, पवनीबाहेर भंडारा रोडला पत्र्याची शेड टाकलीस आणि राइस मिलवाल्यांसाठी टाक्या नि पाइप बनवायला लागलास. तरी रविवारी जाळं घेऊन नदीवर जाणं सोडलं नाहीस. मी लहान असताना मला डोंग्यात बसवून न्यायचास. पाण्यातल्या दगडामागे पाणी उलटं कसं फिरतं, मासा दम खायला तिथेच का थांबतो, हे तू मला बोटाने दाखवायचास. कॉलेजात दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर हुबेहूब तेच चित्र काढलं तेव्हा मी वर्गात हसले होते. संध्याकाळी तुला फोन करून सांगितलं. तू म्हणालास, "एवढंच शिकवतेत? मंग नागपूरले कायले गेली? डोंगा तं इथंच हाय."

पुढे मी पुण्याला नोकरीला लागले. तू विचारलंस, "बाई, तू दिवसभर करून काय राहिली तिथं?"

मी म्हटलं, "दादा, कारखान्यांत गॅससोबत नाहीतर वाफेसोबत पाणी वाहत येतं. ते वेगळं करायला एक भांडं असतं, त्याला सेपरेटर म्हणतात. भांडं बनवायच्या आधीच ते किती चांगलं काम करेल, हे मी कॉम्प्युटरवर बघते."

"बनवाच्या अगोदर?"

"हो."

"मंग तुले कसं समजते का थे खरं हाय?"

"गणितावरून."

तू मग म्हणालास, "गनितातलं पानी ओलं रायते का?"

ऑफिसात मी हा किस्सा सगळ्यांना सांगितला. सगळे हसले. मीही हसले. पहिल्याच दिवशी तू माझ्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला होतास, हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली.

घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा मी काही महिने पवनीला येऊन राहिले. त्याच सुमारास सिहोऱ्याच्या जयराम शेठकडून तुला काम आलं. शेठची उकडा तांदळाची मिल. धान भिजवायचं, टाकीत घालून वाफ द्यायची, वाळवायचं, मग भरडायचं. पण त्यांच्या वाफेत पाणी फार येत होतं. टाकीतल्या तळाच्या धानाचा चिखल होत होता, दाणा फुटत होता, आणि पाइपातून हातोडा मारल्यासारखे आवाज येत होते. शेठने सांगितलं, पाणी अडवणारं भांडं बसवून दे, तपासणीचे कागद रीतसर मी करतो.

तू भांड्याचा नकाशा कागदावर काढलास. भांडं रुंद आणि चांगलं उंच, एखाद्या कोठीसारखं. मी बघितला आणि म्हटलं, एवढं मोठं कशाला? मला दोन दिवस दे. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप तुझ्यासमोर ठेवला. भांड्यात बाजूने वाफ शिरते, गरगर फिरते, जड थेंब बाहेर फेकले जाऊन भिंतीला लागतात, ओघळून तळाशी जातात आणि कोरडी वाफ मधल्या नळीतून वर निघून जाते. निळे, हिरवे, लाल रंग. माझं भांडं तुझ्या भांड्याच्या निम्म्या उंचीचं होतं आणि पडद्यावर ते जवळजवळ सगळे थेंब पकडत होतं.

तू फार वेळ बघितलंस. वहिनी भांडी आवरत होती, तीही येऊन उभी राहिली. मग तू पडद्यावर बोट ठेवलंस.

"हा थेंब भिंतीले लागला. मंग कोठं गेला?"

"तो पकडला गेला. भिंतीला लागला की मोजणीतून काढून टाकायचा."

"काहून?"

"कारण तो आता ओघळून खालीच जाणार."

"खालीच जाते हे कोनं सांगतलं तुले?"

"दादा, सगळे असंच धरतात."

"सगळे धरतेत म्हनून पानी आयकते का त्यायचं?"

माझा पारा चढला. मी म्हणाले, "तुला यातलं काही कळत नाही. तू वेल्डिंग कर."

वहिनीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू आपला कागद घडी करून खिशात टाकलास आणि म्हणालास, "बरं. तुह्या नकाशावर बनवतो. शेठले आताच नाई सांगत. चांगलं चाललं का मंग सांगीन, का माह्या बहिनीनं काढला."

का ऐकलंस दादा माझं? ज्या माणसाने मांडवाचा पाइपही तपासून घेतला, त्याने हे कसं मान्य केलं? मी खूप विचार केला आहे याचा. मला वाटतं, धाकट्या बहिणीने काढलेला नकाशा लोखंडात उभा करायची तुला हौस होती. त्या हौसेपुढे तू स्वतःची शंका गिळलीस.

भांडं बसलं. पहिले काही दिवस ठीक चाललं, कारण एका वेळी एकच टाकी उघडत होते. मग हंगामाचं धान आलं. त्या सकाळी आपण दोघं मिलमध्येच होतो. बॉयलर सांभाळणाऱ्या भाऊरावने दोन्ही टाक्यांच्या वाफेचे व्हॉल्व्ह एकदम उघडले. क्षणभर नुसता सूं आवाज. मग पाइपात धाड धाड सुरू झालं, पत्रे हादरले, आणि भाऊराव व्हॉल्व्ह बंद करायला धावला तेवढ्यात जोडातून वाफ सुटू न देणारी गास्केट फाटली. उकळतं पाणी त्याच्या डाव्या हातावर आलं. त्याची किंकाळी मी अजून ऐकते.

तू त्याला उचलून हौदाकडे नेलंस, हात पाण्यात धरून ठेवलास. त्याला तुमसरच्या दवाखान्यात पाठवल्यावर शेठ पटांगणात आले. धान पसरणाऱ्या बाया, हमाल, सगळे गोळा झाले होते.

शेठने विचारलं, "शालिक, हा नकाशा कोनाचा?"

मी तुझ्या शेजारी उभी होते. हातभर अंतरावर. माझं तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं.

तू म्हणालास, "माहा."

एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. आणि मी तोंड मिटलं.

परत येताना अडीच तास मी तुझ्या मोटरसायकलवर मागे बसले होते. तुमसरच्या पुढे तू गाडी थांबवून आलुबोंडा घेतलास, एक माझ्या हातात दिलास. मी रडत होते. तू म्हणालास, "खाऊन घे. घरी गेल्यावर काम हाय." तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की दादा, गाडी मागे वळव, मला शेठला सांगायचंय. मी आलुबोंडा खाल्ला.

काम म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तू कुठूनतरी प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा आणलास, तो वाकवून माझ्याच नकाशाचं भांडं बनवलंस, बाजूला भट्टीचा ब्लोअर लावलास. पाणी दिसावं म्हणून बादलीत कपड्यांची नीळ घातलीस. धानावर फवारणी करायचा पंप वहिनीच्या हातात दिलास. अंगणात आपलं तिघांचं ते सोंग बघायला अर्धी आळी जमली.

ब्लोअर कमी असताना निळं पाणी भिंतीवरून शहाण्यासारखं खाली गेलं. तू ब्लोअर वाढवलास. आणि वहिनी ओरडली, "अवो, पाहा ना! पानी वरतं चढून राहिलं!"

खरंच चढत होतं. भिंतीला लागलेल्या थेंबांचा पातळ थर झाला होता आणि फिरणारी हवा त्या थराला ओढत झाकणापर्यंत नेत होती. झाकणाच्या आतून तो सरपटत मधल्या नळीपाशी येत होता, नळीच्या बाहेरून खाली उतरत होता, आणि नळीच्या तोंडाशी पोचला की हवा त्याला गपकन आत ओढून घेत होती. ज्या थेंबांना मी पकडले म्हणून मोजलं होतं, तेच चोरवाटेने वाफेत परत जात होते.

मी जमिनीवर बसले. तू ब्लोअर बंद केलास, माझ्या शेजारी उकिडवा बसलास. माझी तयारी होती, आता तू म्हणशील की बघ, मी सांगत होतो. तू म्हणालास, "आता हे पानी तुह्या कम्प्युटरमंदी चढवून दाखव."

आठवडाभर लागला. भिंतीवर थेंब संपवायचा नाही, त्याचा थर धरायचा, तो थर कुठे सरकतो, कुठे तुटतो ते मोजायचं, अशी मांडणी मी पहिल्यांदा केली. गणित चालायला एकेक दिवस जात होता. तू शेडमधून दर तासाला यायचास आणि विचारायचास, "चढलं का?" ज्या दिवशी पडद्यावर पाणी झाकणापर्यंत चढलं, त्या दिवशी तू लॅपटॉपला हात जोडलेस. म्हणालास, "आता डब्ब्याले पानी समजलं."

मग पुढचं भांडण. मधल्या नळीला बाहेरून कड्यासारखी एक कॉलर लावायची, म्हणजे उतरणारं पाणी तोंडापर्यंत न येता बाहेर झटकलं जाईल, ही कल्पना तुझी. पण तुला ती वर, झाकणाजवळ हवी होती. मी दोन्ही जागा कॉम्प्युटरवर तपासल्या. वर लावली तर कॉलरखाली नवीन थर साचत होता. खाली, तोंडाच्या जवळ, बाहेर पसरलेली लावली तर पाणी सुटून भिंतीकडे जात होतं. तू मानलं नाहीस. दोन दिवस बोललाही नाहीस. तिसऱ्या दिवशी गुपचूप अंगणात दोन्ही लावून बघितल्यास. मी खिडकीतून बघत होते, तुला माहीत नव्हतं. मग आत आलास, माठातलं पाणी प्यालास आणि वहिनीला म्हणालास, "बाईले सांग, खालीच लावून राहिलो." मला सांगायला तोंड नव्हतं तुझ्याकडे. किती हसलो होतो आपण नंतर.

नवीन भांडं तुझ्या मूळ नकाशाइतकं रुंद झालं, माझ्या हिशोबाने थोडं बुटकं, आणि आत ती कॉलर. ते चालू करताना तू सगळ्यांना पटांगणात काढलंस. मलाही. दोन्ही व्हॉल्व्ह तू एकट्याने उघडलेस. मी मिलच्या दारात उभी राहून कान देत होते. पाइप बोलला नाही. नुसती वाफेची सरळ, कोरडी शीळ. थोड्या वेळाने तू घामाने भिजून बाहेर आलास आणि माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावलास. त्या वेळी तरी सांगायचं ना मी शेठला. तूही म्हणालास, "आता सांगू का शेठले, का बहिनीनं काढला?" मी म्हणाले, "राहू दे." चांगल्या नकाशाचं श्रेय घेतलं असतं तर वाईटाचंही घ्यावं लागलं असतं.

भाऊराव दोन महिन्यांनी कामावर आला. हात चालत होता, पण थंडीत आखडायचा. तू सिहोऱ्याला गेलास की तो म्हणायचा, "आलास का? आता कोनाचा हात भाजतो?" तू हसायचास. रविवारी धरलेली मासोळी त्याला नेऊन द्यायचास. मी दोनतीनदा तुझ्यासोबत होते. मी ते ऐकलं, आणि मोबाइलमध्ये बघत राहिले.

मग मी नागपूरला नोकरी बदलली, आणि बाहेरची छोटी कामं आपण दोघं मिळून करू लागलो. मी गणित करायचे, तू प्लास्टिकचं भांडं फिरवायचास, मग लोखंड. प्रत्येक रिपोर्टवरून आपलं एकच भांडण व्हायचं. तू म्हणायचास, "आपल्याले कोठवर माहीत हाय थे लिह. आन कोठून माहीत नाई थे बी लिह. पयल्याच पानावर." मी म्हणायचे, शंका लिहून आणली तर कोण काम देईल? तू म्हणायचास, "मंग आपन वेल्डिंग करू." मी ती शंका शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकायचे. तू रिपोर्ट उलटा धरून शेवटच्या पानापासून वाचायला लागलास.

गेल्या महिन्यातलं काम गोबरगॅसचं होतं. एका डेअरीच्या गॅसमधून पाणी काढायचं भांडं. मी सिम्युलेशन केलं, थेंब, थर, कॉलर, सगळं. शुक्रवारी तुझा फोन आला.

"बाई, याच्यात फेस कोठं हाय?"

"फेस धरलेला नाही, दादा."

"शेनाले फेस येतेच. फेस वरतं चढन. प्लास्टिकच्या भांड्यात पाहून घेऊ."

"दरवेळी अंगणात भांडं फिरवत बसायला वेळ नाही आपल्याकडे. सोमवारी नकाशा द्यायचाय."

"मी न पाहता वेल्ड मारत नाई."

"मग दुसऱ्याकडून करून घेतील ते!" मी ओरडले. "मला मीटिंग आहे. दहा मिनिटांनी करते."

मी केला नाही. शनिवारी आठवलं होतं, पण म्हटलं, अजून घुश्श्यात असेल. रविवारी सकाळी तू नदीवर गेलास. जाळं खांद्यावर घेऊन घाट चढताना छातीत कळ आली आणि पायरीवरच बसलास. वहिनी सांगते, चेहरा अगदी नेहमीसारखा होता. जाळ्यात तीन मासे होते, जिवंत. कोणीतरी ते परत पाण्यात सोडले.

सोमवारी मी कोणाला काही दिलं नाही.

तेरवी झाल्यावर मी नागपूरला न जाता सिहोऱ्याला गेले. शेठ गावात नव्हते. त्यांना मी संध्याकाळी फोन केला, ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "तरी मी म्हनत होतो, शालिक असा बुटका डब्बा कसा काढन." पण खरं मला भाऊरावला भेटायचं होतं. तो तुझ्या तेरवीला आला नव्हता. बॉयलरजवळ तूस लोटत होता. मला पाहून थांबला.

"ताई, मी येनार होतो," तो म्हणाला. "पाय नाई निघाला. हात पाह्यला का राग येये."

मी म्हटलं, "भाऊराव, तो पहिला नकाशा दादाचा नव्हता. माझा होता. तो नको म्हणत होता, मीच हट्ट केला. शेठने विचारलं तेव्हा मी शेजारी उभी होते आणि गप्प बसले."

त्याने फावडं भिंतीला टेकवलं. पोत्यावर बसला. कितीतरी वेळ डाव्या हाताची कातडी अंगठ्याने चोळत राहिला.

"तीन वर्सं, ताई?"

"हो."

"तीन वर्सं मी त्याले बोल लावला. थो मच्छी आने, थे बी खाल्ली आन बोल बी लावला. थो हासे."

"माझी चूक आहे. मी माफी मागते, भाऊराव."

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "माह्या हाताची माफी मी तुमाले देईन. त्याची कोठून देऊ?"

मी शेजारच्या पोत्यावर बसले, दादा. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. बॉयलर घुरघुरत होता, वर तुझं भांडं गुपचूप आपलं काम करत होतं. मग भाऊरावने विचारलं, शालिकभाऊचं हातात घेतलेलं काही राहिलं का. मी गोबरगॅसचं सांगितलं, फेसाचं सांगितलं. तो उठला, तूस झटकला. "मंग पाहून घ्या ना. पंप कोन मारन? मी येतो."

काल तो पवनीला आला. शेडमागे गोणपाटात गुंडाळलेलं प्लास्टिकचं भांडं आम्ही बाहेर काढलं. मी म्हटलं, वहिनी, तू आत बस, लोक काय म्हणतील, तेरवी होऊन आठ दिवस नाहीत झाले. वहिनी म्हणाली, "म्हनू दे. त्यायचं काम हाय, मले येते." आणि पंप तिनेच घेतला. भाऊराव ब्लोअरवर, मी लॅपटॉप आणि वही घेऊन समोर. पाण्यात साबण कालवून आम्ही फेस केला आणि भांडं फिरवलं. कमी वाऱ्यावर, जास्त वाऱ्यावर, सगळ्यात जास्त वाऱ्यावर.

फेस वर चढला नाही, दादा. अर्ध्यावर आला, कॉलरखाली थरथरला आणि बसला. मी जिंकले होते. मी वहीत लिहिलं आणि मान वर केली, तुझं तोंड बघायला. सवयीने.

तेव्हा मी रडले. तुला नेलं तेव्हा घाटावर नव्हते रडले इतकी.

वहिनीने पंप खाली ठेवला. ब्लोअर थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि मग म्हणाली, "त्यायनं काय म्हनलं असतं सांगू? म्हनलं असतं, साबनाचा फेस म्हंजे शेनाचा फेस नोहोय."

भाऊराव आधी दबून हसला, मग मोठ्याने. मीही रडता रडता हसले. कारण तू अगदी हेच म्हणाला असतास, हरलेल्या भांडणातून तुझी निघायची वाट ठरलेली होती. आणि यावेळी तू बरोबरच होतास.

डेअरीवाल्याला मी फोन केला आहे. खऱ्या शेणकाल्याचे दोन ड्रम तो सोमवारी पवनीला पाठवतोय. नकाशा उशिरा मिळेल म्हणून तो कुरकुरला. मी म्हटलं, फेसाचं मला अजून माहीत नाही, माहीत झालं की देते. आळीला वास येईल, शेजारी बोंबलतील, वहिनी नाकाला पदर लावून पंप मारेल. मी आज नागपूरला परतलेय, सोमवारी सकाळच्या बसने येतेय.